मोठा गेमिंग मॉनिटर घेतलेल्यांनो, खरं सांगा: पैसे वसूल झाले का?

कोल्हापुरातनं, राजारामपुरीतून विचारतोय. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घेतलेला २४ इंची, ७५ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर अजून धडधाकट आहे, पण माझं मन त्याच्यावरून उडालंय. चाळीस हजार बाजूला पडलेत. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०. डोक्यात तीन गोष्टी घोळतायत: २७ इंची १४४०पी (उभ्यात १४४० ठिपके) १८० हर्ट्झचा, ३४ इंची अल्ट्रावाइड (जादा रुंद), नाहीतर सरळ ४३ इंची १२० हर्ट्झचा टीव्ही.

व्हिडिओ बघून बघून डोकं आऊट झालंय. जो तो पंधरा दिवस वापरतो आणि 'जगात भारी' म्हणून मोकळा होतो. मला वर्षभर वापरलेल्यांचं ऐकायचंय. किती इंच, ठेवलाय कुठं, पैसे वसूल झाले का आणि घरचे काय म्हणाले. माझा अर्धा वेळ व्हॅलोरंट (नेमबाजीची ऑनलाइन गेम), अर्धा वेळ निवांत, गोष्टीवाल्या गेम. खोक्यावरचे आकडे इथं उतरवून काढू नका, ते मलाही वाचता येतात.

उद्यमनगर

४९ इंची वापरून दीड वर्ष झालं. ५१२० बाय १४४० ठिपके. दोन २७ इंची शेजारी ठेवून मधली पट्टी काढली की जे होईल ते. आमचं डाय-पॅटर्नचं, म्हणजे साचे बनवायचं काम. डावीकडं गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग, मधे मॉडेल, उजवीकडं टूलपाथ, म्हणजे मशीनचं हत्यार कुठनं फिरणार ती रेघ. आधी दिवसभर विंडो पुढं-मागं करण्यात वेळ जायचा, तो थांबला.

बाजारातलं एकही कॉम्प्युटर टेबल त्याला पुरलं नाही. पडदा १२० सेंटिमीटर रुंद, त्यात स्टँडचे पाय पुढं फाकलेले. शेवटी शेडमध्येच अँगल वेल्ड केले, वर १९ मिलीचा प्लाय टाकला, खोली ८० सेंटिमीटर धरली. पडद्याचा बाक १००० आरचा आहे, म्हणजे त्या गोलाची त्रिज्या एक मीटर. साधारण तेवढ्या अंतरावर बसलं की दोन्ही कडा डोळ्याला सारख्या लागतात. आधी घरच्या ६० सेंटिमीटरच्या टेबलावर ठेवून बघितला होता, तेव्हा थेटरात पहिल्या रांगेत बसल्यागत झालं होतं.

रात्री जेवण झाल्यावर रेसिंग. तिथं मात्र नाद खुळा! शेजारून घुसणारी गाडी डोळ्याच्या कोपऱ्यात आधीच दिसते. मग एका रात्री एल्डन रिंग लावली आणि गार पडलो. ती गेम १६:९ च्या (नेहमीच्या पडद्याच्या आकाराच्या) बाहेर जातच नाही, त्यामुळं माझा बरोबर अर्धा पडदा काळा. त्यावर सेकंदाला ६० फ्रेमचं (चित्रांचं) कुलूप. लाखाच्या वर मोजलेल्या वस्तूतली निम्मी अंधारात आणि २४० हर्ट्झमधले ६० कामाला. कामाच्या जिवावर मला परवडला. नुसत्या गेमसाठी घेतला नसता.

कळंबा

आधी टेबल मोज. मग बोल.

शाहूपुरी, कॅफेवाला

माझ्या गेमिंग कॅफेत दहा पीसी, सगळे २४ इंची. पोरं विचारतात, दादा मोठे का ठेवत नाही? अरे, व्हॅलोरंट नाहीतर काउंटर-स्ट्राइक खेळताना सगळा पडदा एका नजरेत मावायला लागतो. मोठ्या स्पर्धांतसुद्धा टेबलावर २४-२५ इंचीच असतात, ते काय पैसे वाचवायला नव्हे.

हर्ट्झचं सांगतो. ६० ला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ ला ६.९ आणि २४० ला ४.२. पहिल्या उडीत जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचले, दुसरीत तीनसुद्धा नाहीत. मी दोन पीसींवर गुपचूप २४० चे लावून बघितले. महिन्याभरात दोघांनीच ओळखलं, दोघंही दिवसाला पाच-पाच तास बसणारे. उलट १४४ ची सवय झालेल्या पोराला ६० वर बसवा, पाचव्या मिनिटाला 'दादा, माऊस अडकायलाय' म्हणत काउंटरवर येतंय.

आणि व्हॅलोरंट अल्ट्रावाइडवर बाजूचं जादा काही दाखवत नाही. तुझा अर्धा वेळ तिथं जाणार असेल तर ३४ चा विचार तिथंच निम्मा झाला.

फुलेवाडी

तुझ्यासारखंच डोकं चालवून ४३ इंची टीव्ही आणला होता. खोक्यावर ठळक १२०. घरी जोडला तर विंडोजमध्ये ६० च्या वर आकडाच नाही. ते १२० म्हणजे कंपनीनं हालचाल गुळगुळीत दाखवायच्या करामतीला दिलेलं नाव, पॅनेल साठचंच. दुकानात गेलो तर म्हणे, 'साहेब, खोक्यावर लिहिलंय की.' लिहिलं होतंच, भांडू कुणाशी? आता घेणाऱ्याला एवढंच सांगतो: केबलचा एचडीएमआय २.१ पोर्ट आहे का आणि त्या पोर्टवर ४के १२० हर्ट्झ घेतो का, हे मॉडेलच्या माहितीत वाचून घ्या. दुकानात कुणाचा लॅपटॉप लावून बघता आलं तर आणखी चांगलं.

हर्ट्झ जाऊ देत, मानेनं मला खरं हरवलं. हाताच्या अंतरावर साडेतीन फुटांचा पडदा. नकाशा वर डाव्या कोपऱ्यात, गोळ्या खाली उजव्या. एक बघायला गेलं की दुसरं सुटतं. तिसऱ्या आठवड्यात टीव्ही हॉलमध्ये गेला. घरचे खूश आहेत. मी परत २४ वर.

टाकाळा

लाज वाटते, पण सांगतो. १६५ हर्ट्झचा २७ इंची घेतला आणि आठ महिने भेटेल त्याला सांगत होतो, 'फरक कळतोय बघ, लोण्यागत चालतंय.' मग दिवाळीला मेहुणा आला. त्यानं डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलं. आकडा ६०. विंडोजनं आपल्या मनानं ६० धरला होता आणि मी कधी उघडून बघितलंच नव्हतं. १६५ केला, माऊसचा बाण गोल फिरवला आणि कळलं की आठ महिने मी डालड्याला लोणी म्हणत होतो.

ज्यांना १४४ घेऊन फरक वाटत नाही त्यांनी आत्ता उठून बघा. केबलही बघा, जुन्या सेटटॉप बॉक्सची लावलेली असते बऱ्याच जणांनी.

मंगळवार पेठ

आमचा वापर वेगळा. पोरांनी वर्गणी काढून ५५ इंची १२० हर्ट्झचा टीव्ही घेतलाय, त्याला पीएस ५. खेळतात दोघं, बघतात बाराजण. फुटबॉलच. गेममधल्या संघांना पेठांतल्या तालमींची नावं आणि जर्सीचे रंग दिलेत. कुठल्या ते लिहीत नाही, इथंच राडा व्हायचा. शाहू स्टेडियमवर सामना हरलेला संघ त्याच रात्री आमच्यात त्याचा वचपा काढतो.

इथं इंच वसूल झाले. बारा फुटांवर बसलेल्याला चेंडू दिसला पाहिजे, मग ५५ सुद्धा कमीच वाटतो. १२० हर्ट्झ मात्र वाया. फुटबॉल ६० फ्रेमलाच चालते, बाकीच्या गेम कुणी लावू देत नाही. तेवढ्या फरकाच्या पैशांत आणखी दोन रिमोट आले असते. दोन रिमोट आल्यावर भांडणं कमी झाली असती का, हा वेगळा प्रश्न.

ताराबाई पार्क

३४ इंची अल्ट्रावाइड, व्हीए पॅनेल (पडद्याचा एक प्रकार). वर्षभरात विकला. उजेडातल्या गेम छान. अंधाऱ्या गुहेत कॅमेरा फिरवला की काळ्या रंगाचा ओघळ मागं राहतो, काजळ पुसल्यागत. एकदा दिसला की डोळा तेच शोधत बसतो. आयपीएस पॅनेलमध्ये हा त्रास नाही, तिथं काळा रंग थोडा राखाडी दिसतो एवढंच. ३०६० वर ३४ चा भारही पडतो: १०८०पीला वीस लाख ठिपके हलवायचे, ३४ ला पन्नास लाखांच्या घरात.

शुक्रवार पेठ

कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा मी आणि आईनं तासाभरात सामान माडीवर नेलं. २४ इंचीचा मॉनिटर मी काखेत मारून जिना चढलो. लाकडी जिना, वळण अरुंद, हाताला धरायला दोर. २०२१ च्या जुलैत परत तेच, तोपर्यंत माझ्याकडं ३२ इंची आला होता. त्याला दोघं लागले आणि वळणावर कठड्याला घासून कोपऱ्याला चरा पडला. तो चरा अजून आहे.

पडदा ३२ चा, ४के. वाचायला सुंदर, अक्षरं छापील वाटतात. पण ४के म्हणजे त्र्याऐंशी लाख ठिपके, माझं कार्ड चाळीस फ्रेमवर धापा टाकतंय. १४४ हर्ट्झचे पैसे दिले आणि चाळीस बघतोय. सेटिंग उतरवून १४४०पीवर खेळतो, मग ४के घेतला कशाला, असं बायको विचारते. उत्तर नाही.

नदीच्या अंगाला राहणाऱ्यांनी पडदा एकट्याला उचलता येतो का, हे दुकानातच बघावं.

रुईकर कॉलनी, एक आई

मी गेम खेळत नाही, पण घरचे काय म्हणाले विचारलंय म्हणून लिहितो. (कोल्हापुरात आम्ही बायका असंच बोलतो, बाहेरच्यांनी हसू नये.) लेकानं ४२ इंची ओलेड टीव्ही मॉनिटर म्हणून टेबलावर लावलाय. किंमत ऐकून त्याचे बाबा दोन दिवस गप्प होते.

मला सवय आहे, रात्री झोपताना बोर्डावरची सगळी बटणं बंद करायची. सहा महिन्यांनी लेक म्हणाला, आई, तू टीव्ही मारायला लागलीस. तो पडदा म्हणे बंद झाल्यावर आतल्या आत स्वतःची निगा राखतो, आणि त्याला तेव्हा वीज लागते. शिवाय एकच चित्र तासन्‌तास राहिलं की त्याचा डाग उमटतो, म्हणून खालची पट्टी लपवून ठेवलीय, मागचं चित्र काळं केलंय. आता बटणाला चिकटपट्टी लावलीय. पाहुण्यासारखी सरबराई चाललीय त्याची.

पण खरं ते सांगतो. चैत्रात जोतिबाची यात्रा त्याच्यावर बघितली. गुलालाचा रंग असा दिसला की हात धुवावेसे वाटले. वस्तू चांगली आहे. फक्त लेक आता नोकरीला पुण्यात, महिन्यातनं दोन वेळा येतो. बाकीचे दिवस मी धूळ पुसतो.

लक्ष्मीपुरी, दुकानात कामाला

एक हिशोबाचं सांगतो. जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटर-टीव्हीला जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्याला २८ टक्के होता. म्हणून ३२ आणि ३४ मधे किमतीची एवढी मोठी पायरी दिसायची. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्यांना १८. जुन्या व्हिडिओतल्या किमती धरून बसू नका. आणि ऑनलाइन मागवलात तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा. मोठं पॅनेल वाटेत तडकलं की कुणी कुणाचं नसतं.

राजारामपुरी, मीच

कळंब्याच्या भावाचं ऐकून टेप घेतली. टेबल ५५ सेंटिमीटर खोल, मागं भिंत, त्यातले वीस-बावीस स्टँड खाणार. खुर्ची मागं सरकवायची तर मागं आईचं शिलाई मशीन. ते हलवा म्हटल्यावर जे ऐकायला मिळालं ते इथं लिहीत नाही. डोळ्यापासून पडदा साठ-पासष्टच्या पुढं जाणार नाही. टीव्ही गेला, ३४ गेला. २७ इंची म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर रुंद, तो बसतोय. सतरा-अठरा हजार वाचले तर ते पुढच्या कार्डाला.

रविवारी इथलीच दोन-तीन दुकानं फिरणार आहे. कुणी सोबत येत असेल तर सकाळी दहाला या, मिसळ माझ्याकडं.

कळंबा

कुठली मिसळ ते सांग. मग बोल.