ताउपो सरोवरात फेब्रुवारीतलं ट्रोलिंग: लेडलाइन पुरेल की डाउनरिगर लागेलच?

गरीवाला_हॅमिल्टन

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातल्या, दुसऱ्या आठवड्यात न्यूझीलंडच्या ताउपोला रेनबो ट्राउटसाठी दिवसभर ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे दोरी ओढत मासेमारी) करायचा बेत आहे. बोट किनलॉकच्या रॅम्पवरून उतरवणार. ५.२ मीटरची अ‍ॅल्युमिनियमची बोट, ९० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन, जोडीला लहान इंजिन नाही. दोन रॉड, दोन्हींवर १०० यार्ड लेडलाइन (आत शिसं असलेली जड दोरी), पुढे लुअरपर्यंत ६ मीटर मोनो (साध्या नायलॉन) दोरीचा लीडर. लुअरमध्ये, म्हणजे नकली आमिषांत, टास्मानियन डेव्हिल आणि काळा टोबी. साउंडर (तळ आणि मासे दाखवणारं यंत्र) आहे, डाउनरिगर (तारेवर जड गोळा सोडून लुअर खोल नेणारं यंत्र) नाही.

याच सामानावर सप्टेंबर-ऑक्टोबरात मासा लागतो. उन्हाळ्यात मात्र सगळी लेडलाइन सोडली तरी रॉड हलत नाही, आणि साउंडरवर तर २५-३५ मीटरवर माशांच्या कमानी दिसत असतात. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. लेडलाइन तिथवर पोचते का? इंजिन गिअरमध्ये टाकून नुसतं आयडलवर ठेवलं तरी जीपीएस २.८ नॉट दाखवतो, हा वेग चालेल का? आणि लुअरचा रंग कोणता घ्यावा?

खोलपाणी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: पोचत नाही. तुमच्या वेगाला तर नाहीच.

लेडलाइनचा रंग दर १० यार्डांनी, म्हणजे साधारण ९ मीटरनी बदलतो. २ नॉटला एक रंग सुमारे दीड मीटर खाली जातो. दहाच्या दहा रंग बाहेर असले तरी लुअर १५ मीटरच्या आसपास. वेग २.८ झाला की दोरी आणखी वर उचलली जाते, आणि मग १० मीटरही कठीण. तुमच्या कमानी २५ च्या खाली आहेत. म्हणजे लुअर दिवसभर माशांच्या डोक्यावरून जातोय.

वसंतात हेच सामान का चालतं ते बघा. हिवाळ्यात सरोवर वरपासून खालपर्यंत ढवळलं जातं, सगळीकडे जवळपास सारखंच गार असतं. मासा ५ मीटरवरही सापडतो आणि ५० वरही. डिसेंबरपासून वरचा थर तापायला लागतो. फेब्रुवारीत पृष्ठभाग २० अंशांच्या आसपास आणि खालचं पाणी ११-१२ अंश. या दोहोंच्या मधला पट्टा म्हणजे थर्मोक्लाइन. ताउपो उघडं आणि वाऱ्याचं सरोवर असल्यामुळे उन्हाळा संपता संपता हा पट्टा ३०-४० मीटरपर्यंत खाली उतरतो. स्मेल्ट (बोटाएवढे चंदेरी मासे) त्याच्या आसपास आणि ट्राउट स्मेल्टच्या मागे. १९३० च्या दशकात ट्राउटला खाद्य म्हणूनच स्मेल्ट या सरोवरात सोडले होते, आजही मुख्य खाद्य तेच.

साउंडरची सेन्सिटिव्हिटी नेहमीपेक्षा दोन-तीन घरं वाढवा. मधल्या पाण्यात धुरकट आडवी पट्टी दिसेल, तो थर्मोक्लाइन. पहिला लुअर पट्टीच्या २-३ मीटर वर लावा, दुसरा पट्टीत किंवा जरा खाली. रोटोरुआकडच्या रोटोइटीसारख्या सरोवरात उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपतो, त्यामुळे तिथे खाली लुअर घालून काही उपयोग नाही. ताउपोचं पाणी खोलवरही प्राणवायू धरून असतं. म्हणून इथे पट्टीखालच्या कमानी सोडून देऊ नका, त्याही खाणारे मासे असू शकतात.

रंगाचा प्रश्न मी शेवटी ठेवेन. योग्य खोली आणि योग्य वेग जमला की पाच रंगांतला कुठलाही चालतो. ते दोन जमले नाहीत तर एकही नाही. ३० मीटरवर लाल रंग तसाही काळपटच दिसतो. हिरवा-सोनेरी एक आणि काळा-सोनेरी एक लावा आणि रंगाचा विचार सोडा.

प्रॉपेलर_पंडित

वेगाबद्दल. २.८ नॉट जास्तच आहे. टास्मानियन डेव्हिलला १.६ ते २.२ बरा. खात्री करायची तर लुअर २ मीटर दोरीवर बोटीच्या कडेने पाण्यात ओढून बघा. तो डावी-उजवीकडे डुलत यायला हवा. गोल फिरू लागला की वेग जास्त आहे. मासा तर लागत नाहीच, वर दोरीला पीळ बसतो. लीडरच्या जोडावर बॉल-बेअरिंगचा स्विव्हल (पीळ काढणारी फिरती कडी) हवाच, साधा पितळी स्विव्हल भाराखाली फिरत नाही.

९० चं इंजिन हळू चालवायचे मार्ग:

१. ड्रोग. कापडी नरसाळ्यासारख्या दोन पिशव्या, तोंड ४०-५० सेंटिमीटर, बोटीच्या मध्यावरच्या दोन्ही क्लीटना (दोरी बांधायच्या खुंट्यांना) एकेक. दोरीची लांबी क्लीटपासून प्रॉपेलरपर्यंतच्या अंतरापेक्षा कमीच ठेवा, म्हणजे पिशवी कितीही मागे गेली तरी पात्यात अडकणार नाही. शेपटाला वेगळी बारीक दोरी बांधा. तीच ओढली की पिशवी रिकामी होऊन वर येते. २.८ चे २ नॉट होतात. सगळ्यात स्वस्त उपाय.

२. इंजिनला ट्रोल मोड आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. काही फोर-स्ट्रोकना बटणाने ५०-५० आरपीएम कमी करता येतात. बऱ्याच जणांच्या बोटीवर ही सोय असते आणि त्यांना माहीत नसते.

३. ६ ते ८ हॉर्सपॉवरचं जोड-इंजिन. खर्च मोठा, पण मोठं इंजिन बंद पडलं तर घरी आणणारं तेच.

एक गोष्ट फार जणांच्या ध्यानात येत नाही. जीपीएस जमिनीच्या मानाने वेग सांगतो, पाण्याच्या मानाने नाही. वारा वरचं पाणी एका बाजूला ढकलतो, तेव्हा खालचं पाणी उलट दिशेला परतत असतं. त्यामुळे उत्तरेकडे जाताना २ नॉटला मासे लागतात आणि त्याच रेषेत दक्षिणेकडे येताना २ नॉटलाच काही नाही, असं हमखास होतं. अशा वेळी जीपीएसचा आकडा सोडा आणि डाउनरिगरच्या तारेचा कोन सारखा ठेवा.

पहाटेचा_पार्सन्स

डाउनरिगर नसेल तर उजाडतानाचा तास वाया घालवू नका. तेव्हा स्मेल्ट काठालगत वर असतात आणि ट्राउट त्यांच्यामागे. प्युमिसची (हलक्या ज्वालामुखी दगडाची) उथळ पायरी संपून पाणी एकदम खोल होतं त्या कडेने, पाण्याचा रंग फिकटाचा गडद होतो त्या रेषेवर, लेडलाइनचे दोन-तीनच रंग सोडून हळू जा, दीड नॉट. लुअरऐवजी पिसांची नकली माशी: पार्सन्स ग्लोरी, ग्रे घोस्ट किंवा जिंजर मिक. लीडर ६ चा १० मीटर करा. फेब्रुवारीत सूर्य पावणेसातच्या सुमारास वर येतो, म्हणजे पावणेसहाला बोट पाण्यात हवी. ऊन पाण्यावर पडलं की आवरा.

गरीवाला_हॅमिल्टन

मंडळी, फार आभार. एक डाउनरिगर घेतो. गोळा किती वजनाचा? आणि दोरी क्लिपमध्ये (मासा ओढताच दोरी सोडणाऱ्या चिमट्यात) लावून खाली सोडायची नेमकी पद्धत कोणी सांगेल का? बोटीवर दोघेच असणार.

खोलपाणी

३० मीटरसाठी ४.५ किलोचा, म्हणजे १० पौंडी गोळा. ३ किलोचा घेतला तर पाणी त्याला मागे ढकलतं. तार उभ्या रेषेपासून ३० अंश कलली तर काउंटरवर ४० मीटर असताना गोळा खरं तर ३५ च्या आसपास असतो. दीड किलोचा फरक वाटतो किरकोळ, पण थर्मोक्लाइनच्या पट्टीत पोचणं न पोचणं त्यावर ठरतं.

डाउनरिगरच्या रॉडवर लेडलाइन नको. साधी ४ किलोची (८-१० पौंड) मोनो भरा. ब्रेड (विणलेली दोरी) क्लिपमधून सुळकन घसरते.

आता क्रम. बोट सरळ रेषेत, ट्रोलिंगच्या वेगात. इंजिन बंद करून हे करू नका, लुअर बुडून गोळ्याच्या तारेला गुंडाळतो. लुअर १५ ते २० मीटर मागे सोडा, डुलतोय ना ते बघा. मग गोळा नुसता पाण्याखाली आणि क्लिप हाताला येईल इतका वर ठेवून दोरी क्लिपमध्ये अडकवा. रॉड होल्डरमध्ये, रीलचा ड्रॅग (दोरी सुटण्याला रोखणारा ताण) अगदी सैल आणि टिकटिक चालू. गोळा सावकाश सोडा, ब्रेकवर हात ठेवून. धाडकन सोडलात तर रील स्वतःच्या वेगाने फिरत राहते आणि दोरीचा गुंता होतो, किंवा क्लिप मध्येच सुटते. हव्या खोलीवर तारेचा ब्रेक लावा, मग रील फिरवून रॉडचं टोक चांगलं वाकेपर्यंत दोरी ताणा आणि ड्रॅग नेहमीच्या जागी आणा. रॉड सरळ उभा असेल तर दोरी मध्ये ढिली पडलेली असते आणि मासा लागल्याचं कळतच नाही.

क्लिपचा ताण हातानेच जमवावा लागतो. दोरी जबड्यात जितकी आत तितकी घट्ट. कडेला धरली तर लाटेच्या झटक्यानेच सुटेल. फार आत धरली तर पाव किलोचा मासा तासभर ओढत नेला तरी पत्ता लागणार नाही. रॉडचं टोक बारीक थरथरत असेल तर गोळा वर घ्या, बहुधा लहान मासा किंवा शेवाळ.

मासा लागला की वाकलेला रॉड एकदम सरळ होतो. तिथे थबकू नका, दोरी ढिली असते, ती भरभर गुंडाळा आणि वजन जाणवलं की मग रॉड उचला. दुसऱ्याने लगेच गोळा वर घ्यायचा. दोघेच आहात तर हे काम आधीच वाटून घ्या. बोट न्यूट्रलमध्ये टाकू नका, अगदी हळू पुढे चालू द्या, नाहीतर दुसऱ्या रॉडचा लुअर तळाला बसतो.

दुसरा रॉड लेडलाइनचाच राहू द्या, पण डाउनरिगरच्या उलट्या बाजूला. दहा रंग बाहेर असताना मागे ९० मीटर दोरी असते. वळायचं तर मोठा गोल घेऊन. वळणात आतल्या बाजूचा लुअर हळू होऊन खाली जातो, बाहेरचा वेग घेऊन वर येतो. वळताना आतल्या रॉडवर मासा लागला तर वेग कमी करा किंवा खोली वाढवा. बाहेरच्यावर लागला तर उलट. मुद्दाम नागमोडी चालवून ही चाचणी घेता येते, आणि मला तरी ही सगळ्यात उपयोगाची वाटते.

काठावरची_कोळीण

तळाकडे लक्ष असू द्या. ताउपो हा ज्वालामुखीचा खड्डा आहे, सर्वात खोल जागी १८६ मीटर, पण काठाजवळ ८ वरून ६० मीटरला पाणी काही बोटींच्या अंतरात जातं. उलट दिशेने, म्हणजे खोलातून काठाकडे आलात तर गोळा सरळ कड्यावर आदळतो. गोळा तळापासून किमान ३ मीटर वर ठेवा आणि साउंडरवर तळ चढताना दिसला की आधी गोळा उचला, मग वळा. होरोमातांगी रीफजवळ हे विशेष सांभाळा. अडकलाच तर ताबडतोब न्यूट्रल, तारेचा ब्रेक सैल, आणि बोट आलेल्या वाटेने परत गोळ्याच्या डोक्यावर न्या. इंजिनच्या जोरावर ओढलात तर तार तुटेल किंवा दांडीचा पाया डेकमधून उखडेल. गोळा आणि तार यांच्यामध्ये २५-३० किलोच्या मोनोचा लहान तुकडा घाला. अडकल्यावर तो तुटतो, जातो तो फक्त गोळा.

परवान्याचंही सांगते. देशभर चालणारा फिश अँड गेमचा परवाना ताउपोला चालत नाही. इथला परवाना वेगळा, डिपार्टमेंट ऑफ कन्झर्वेशनचा, एका दिवसाचाही मिळतो. ज्याच्या हातात रॉड त्याच्या नावावर परवाना हवा. किमान लांबी आणि दिवसाची मर्यादा बदलत असते, त्या हंगामाचे नियम निघण्याआधी वाचा. जिवंत किंवा मेलेलं नैसर्गिक आमिष चालत नाही. ओढ्यांच्या मुखापाशी आखलेल्या पट्ट्यांत ट्रोलिंग नको. आणि ट्राउट विकायला या देशात बंदी आहे, ओळखीच्या हॉटेलालासुद्धा.

बोट त्याआधी वाइकाटो नदीत किंवा कारापिरो सरोवरात उतरवलेली असेल तर नीट धुऊन पूर्ण कोरडी करा. तिथे २०२३ मध्ये सोनेरी शिंपला हा बाहेरून आलेला उपद्रवी जीव सापडला आहे आणि तो ताउपोत पोचता कामा नये. ड्रोगच्या कापडाच्या घड्या आणि ट्रेलरचे पोकळ पाइप यात पाणी साचून राहतं, ते विसरू नका.

प्रॉपेलर_पंडित

किनलॉकहून पश्चिमेच्या खाड्यांकडे जाणार असाल तर दुपारी १ च्या आत परतीला लागा. नैर्ऋत्येचा वारा सुटला की अर्ध्या तासात आखूड, उभ्या लाटा येतात. पश्चिमेला कड्यांखाली बोट लावायला जागा फार थोड्या. लाइफ जॅकेट अंगात, व्हीएचएफ रेडिओ चालू, मोबाइलच्या भरवशावर राहू नका. लाटा आल्या की सगळ्यात आधी गोळा वर घेऊन बांधा. साडेचार किलोचं लोंबतं वजन बोटीवर सगळ्यात धोक्याचं.

पहाटेचा_पार्सन्स

आणि डाउनरिगरचं पार्सल वेळेत आलं नाही तर इंजिन बंद करून जिगिंग (दोरी सरळ खाली सोडून वर-खाली हलवणं) करा. कमानींवर बोट थांबवा, ४०-६० ग्रॅमचं वजन, वर दोन लहान स्मेल्ट माश्या, सरळ खाली, कमानींच्या खोलीपर्यंत. हातभर उचला, सावकाश सोडा. मासा बहुतेक वेळा दोरी खाली जाताना घेतो, म्हणून सोडताना दोरी ढिली पडू देऊ नका. वारा कमी असेल तरच जमतं.

काठावरची_कोळीण

मासा ठेवायचा की सोडायचा हे तो जाळ्यात यायच्या आधी ठरवा. ३० मीटरवरून आलेला मासा १२ अंशांतून २० अंशांत आलेला असतो, दमवत बसलात तर सोडूनही जगत नाही. सोडायचा असेल तर पाण्यातच गळ काढा, ओल्या हाताने. ठेवायचा तर डोक्यावर एकच नेमका ठोका, कल्ल्यांच्या कमानी कापा, रक्त जाऊ द्या आणि बर्फ व सरोवराचं पाणी कालवलेल्या पेटीत टाका. नुसत्या बर्फावर ठेवला तर एकच बाजू गार होते.

पहिल्या माशाचं पोट तिथेच उघडून बघा. आत बोटाएवढे चंदेरी स्मेल्ट असतील तर मधल्या पाण्यातच राहा. कोउरा, म्हणजे तिथले गोड्या पाण्यातले, लहान शेवंडासारखे क्रेफिश, निघाले तर मासा तळाशी चरतोय. गोळा तळाच्या ३ मीटरवर आणा आणि काळा-सोनेरी लावा.

गरीवाला_हॅमिल्टन

४.५ किलोचा गोळा, दोन ड्रोग आणि बॉल-बेअरिंग स्विव्हल मागवले. क्लिप गोळ्यालाच लावायची की तारेवर मीटरभर वर?

खोलपाणी

गोळ्याच्या मागच्या कडीला, हातभर दोरीवर. तारेवर वर लावलेली दुसरी क्लिप दोन रॉड एकाच तारेवर लावायचे असतील तेव्हा लागते. आधी एक नीट जमू द्या.