सेशन सांभाळून स्वतःचा अल्बम कसा करायचा?

डोंबिवलीचा ड्रमर
वय 27. सहा वर्षं सेशन, म्हणजे दुसऱ्यांचे प्रोग्राम आणि मिळेल ते रेकॉर्डिंग वाजवतोय. स्वतःच्या पाच रचना तयार आहेत, त्यातली एक सात मात्रांची. पण स्वतःसाठी स्टुडिओ घेतला की नेमका त्याच दिवशी कुणाचा तरी फोन येतो. नाही म्हटलं तर पुढचा फोन दुसऱ्याला जाईल, ही भीती. आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवून माझा हात माझा उरलाय का, तेही कळत नाही.

जुनी काठी
मी 18 वर्षं सेशन वाजवतोय. फोनचं आधी सांगतो. महिन्यातले दोन दिवस तुझे. त्या दिवशी काम आलं तर नुसतं नाही म्हणू नकोस, चांगला बदली ड्रमर तूच सुचव. अडलेली वेळ भागवणारा संगीतकारांच्या लक्षात राहतो.

आता हाताचं. माझी पहिली रचना क्लिकवर, म्हणजे कानातल्या लयीच्या टिकटिकीवर, नेटकी वाजली, पण ती कुणीही वाजवली असती. सेशनमध्ये गायकाला जागा सोडायची, पहिल्या मात्रेला किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) द्यायची, हे अंगात मुरलेलं असतं. तुझी सात मात्रांची रचना घे. रूपक या सात मात्रांच्या तालात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेला, 'खाली' म्हणजे बिनजोराची जागा असते. तिथली किक काढ आणि महिनाभर तसंच वाजव. माझं वाजवणं मला तिथे सापडलं.

त्रिलोक गुर्तू ऐक. मुंबईचे तालवादक, ठुमरी गायिका शोभा गुर्तूंचे चिरंजीव. जॅझ ट्रम्पेटवादक डॉन चेरींबरोबर वाजवलं, मग 'ओरेगॉन' हा बँड, मग गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांचं त्रिकूट. स्वतःच्या नावावरचा अल्बम 'उस्फ्रेट' आला 1988 मध्ये, पस्तिशी उलटल्यावर, आणि त्यात आई गायल्या आहेत! जमिनीलगत बसून वाजवतात, तबला शेजारीच, वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवतात. दोन आघात ऐकले की माणूस ओळखू येतो. दुसऱ्यांकडे वाजवलेली वर्षं त्यांची वाया गेली नाहीत, तुझीही जाणार नाहीत.

कन्सोलमागून
रेकॉर्डिस्ट म्हणून एवढंच: स्टुडिओ फक्त ड्रमसाठी घे, बाकीचं घरी होतं. ड्रमची नवी कातडी आदल्या दिवशीच चढव, बसायला वेळ लागतो. साथीदारांशी हक्कांचं आधीच कागदावर ठरव.

डोंबिवलीचा ड्रमर
काल रात्री किक काढून वाजवलं. चौथ्या आवर्तनाला पडलो, पण सोडवेना. काठीदादा, एक विचारू? बदली माझ्यापेक्षा चांगला निघाला तर?

जुनी काठी
माझा निघाला. एक संगीतकार कायमचे त्याच्याकडे गेले, वाईट वाटलं. पुढच्या वर्षी त्यानंच मला दोन कामं दिली. माझ्या अल्बमवर एका रचनेत तोच वाजवतोय.