लेसर मंद केला म्हणून एकेक फोटॉन मिळत नाही

प्रश्न आलाय की लेसरपुढे फिल्टर लावून प्रकाश मंद केला की एकेक फोटॉन (प्रकाशाचा कण) मिळेलच, मग एकेक फोटॉन देणाऱ्या क्वांटम डॉटचा, म्हणजे अर्धवाहकाच्या अतिसूक्ष्म कणाचा, खटाटोप कशाला? मेख इथेच आहे. लेसरच्या प्रत्येक स्पंदात (प्रकाशाच्या छोट्या झोतात) सरासरी ०.१ फोटॉन ठेवला, तर शंभरातले नव्वद स्पंद रिकामे जातात आणि उरलेल्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांत दोन किंवा जास्त फोटॉन निघतात. गुप्त संदेशवहनात यावर डिकॉय स्पंदांचा, म्हणजे चोरून ऐकणारा पकडण्यासाठी मुद्दाम मिसळलेल्या वेगळ्या तीव्रतेच्या स्पंदांचा, तोडगा आहे, पण फोटॉन वापरून क्वांटम गणन करायचं तर तो कामाचा नाही.

डॉट म्हणजे गॅलियम आर्सेनाइडमध्ये रुतलेला, साधारण २० नॅनोमीटर रुंदीचा इंडियम आर्सेनाइडचा कण. लेसरच्या स्पंदाने त्यात इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) यांची जोडी तयार होते, ती नॅनोसेकंदभरात विरते आणि एकच फोटॉन देते. पुढच्या फोटॉनसाठी डॉट पुन्हा उत्तेजित व्हावाच लागतो. पडताळा सोपा: अर्धपारदर्शक आरसा ठेवा, दोन्ही वाटांवर डिटेक्टर लावा. एकच फोटॉन दोन वाटांनी विभागून जात नाही, म्हणून दोन्ही एकाच वेळी जवळपास कधीच वाजत नाहीत.

खरी झुंज फोटॉन बाहेर काढण्याची. या पदार्थाचा अपवर्तनांक ३.५ च्या आसपास, त्यामुळे बहुतेक प्रकाश आतच परावर्तित होतो, वरून जेमतेम २ टक्के सुटतो. म्हणून डॉटभोवती आरशांची सूक्ष्म पोकळी हवी. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठाच्या गटाने अशा पोकळीतून फायबरच्या टोकापर्यंत ५७ टक्के कार्यक्षमता गाठली, हे मला फार मोलाचं वाटतं. डॉट ४ केल्विनपर्यंत (सुमारे उणे २६९ अंश सेल्सियस) थंड ठेवावा लागतो, पण ते जमतं हो. दोन वेगळ्या डॉटांचे फोटॉन हुबेहूब सारखे करणं त्याहून कितीतरी अवघड आहे.