जुन्या उबंटूवर क्लॅमएव्ही अँटीव्हायरस अद्ययावत कसं करू?

रावेरला आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. सगळी उधारी उबंटू १८.०४ या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मशीनवर. शेतकरी पेनड्राइव्हवर सातबारा आणतात, म्हणून क्लॅमएव्ही ठेवलंय. त्याची व्हायरसची यादी ताजी करणारं फ्रेशक्लॅम चालवलं की 'आवृत्ती जुनी झाली' असा इशारा येतो. मृगबागेचे, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडच्या केळी लागवडीचे, दिवस तोंडावर आहेत, मशीन बंद पडून चालणार नाही. काय करू?

उत्तर: भाऊ, इशारा इंजिनचा, म्हणजे क्लॅमएव्हीच्या मूळ प्रोग्रॅमचा आहे, व्हायरसची यादी वेगळी. पण इंजिन फारच जुनं झालं की यादीही मिळेनाशी होते. १८.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२३ मध्येच संपला. उबंटू प्रो, म्हणजे जुन्या आवृत्तीला सुरक्षा अपडेट देणारी वाढीव सेवा, जोडा, ५ मशीनपर्यंत फुकट आहे.

उत्तर: कुठल्याही साइटवरची डेब फाईल (उबंटूवर प्रोग्रॅम टाकायचं पॅकेज) मात्र टाकू नका. यावलला एका मशीनवर मी तेच केलं, पॅकेजं एकमेकांत अडकली, दोन रात्री गेल्या. खरा उपाय अपग्रेड: आधी २०.०४, मग २२.०४, मधली पायरी गाळता येत नाही. बॅकअप घ्या, इन्व्हर्टर भरलेला ठेवा. मध्येच लाईट गेली तर अवघड होतं.

प्रश्नकर्ता: रात्री शटर ओढून उधारीची फाईल दोन ठिकाणी उतरवली, प्रो जोडलं. अपग्रेड लागवड उरकल्यावर. आभार, दादा.