चर्चा: इजिप्तच्या लेखनिकांनी २४ अक्षरांवर भागवायला हवे होते का?

बोरूवाला (धागाकर्ता)
हायरोग्लिफ लिपीबद्दल एक मत वारंवार वाचनात येते. एकेका व्यंजनाची सुमारे २४ चिन्हे हाताशी होती, म्हणजे वर्णमाला तयारच होती, तरी हे लोक शेकडो चित्रे काढत बसले. मला हे मत अन्यायाचे वाटते.

ही लिपी चालते कशी ते पाहा. स्वर लिहीत नाहीत. एका चिन्हात एक, दोन किंवा तीन व्यंजने असतात. घराच्या आराखड्याचे चिन्ह 'प-र' असे वाचायचे. सोबत उभी रेघ असेल तर अर्थ 'घर'. चालणारे पाय असतील तर 'बाहेर पडणे'. हे पाय वाचायचे नाहीत, ते फक्त अर्थ ठरवतात, म्हणून अशा चिन्हाला निर्धारक म्हणतात. लेखनिकाच्या साहित्याचे चिन्ह 'स-श'. पुढे बसलेला माणूस आला की 'लेखनिक', पपायरसची गुंडाळी आली की 'लिहिणे'. स्वर गाळले की सारख्या व्यंजनांचे शब्द ढीगभर होतात, त्यात दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती. निर्धारक चिन्ह शब्दाच्या शेवटी येते, त्यामुळे शब्द कुठे संपला हेही कळते. नुसत्या २४ चिन्हांत वाचणाऱ्याचे हाल झाले असते.

सडेतोड
असहमत. फिनिशियन लोकांनी २२ व्यंजनांत, स्वरांशिवाय, भूमध्य समुद्रभर व्यापार केला. त्यांचे कुठे हाल झाले? सिनाईत सेराबित एल-खादिमच्या पिरोजाच्या खाणींपाशी सेमिटिक (हिब्रू-अरबीच्या कुळातली) भाषा बोलणाऱ्यांनी इजिप्तचीच चित्रे उचलली आणि मोजक्या अक्षरांत आपली भाषा कोरली. बाहेरच्यांना सुचले ते घरच्यांना का सुचू नये? लेखनिकांना लिपी अवघडच हवी होती. टॉलेमींच्या, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राजघराण्याच्या, काळात तर मंदिरांतल्या पुरोहितांनी शेकडो चिन्हांची हजारो केली! वाचणारे कमी राहिले की वाचणाऱ्याचा मान टिकतो.

खापरटीप
भिंतीवरची लिपी पाहून निवाडा करू नका. रोजचे काम बोरूने भरभर लिहिलेल्या हिएरॅटिकमध्ये चाले, पुढे त्याहूनही भरभर लिहायच्या डेमॉटिकमध्ये. आपल्याकडे पोथी बाळबोधीत आणि दफ्तर मोडीत, तसेच. देर एल-मदिना इथल्या कारागिरांची हजेरी दगडाच्या चिपेवर सापडली आहे. कोण का आला नाही याची कारणेसुद्धा आहेत, त्यात एकाला विंचू चावला होता. हे काही पुरोहितांचे गुपित नव्हे.

सडेतोड
ते गाव राजांच्या थडग्यांवर काम करणाऱ्यांचे. तिथले साक्षरतेचे प्रमाण शेतकऱ्यांच्या गावाला लावता येणार नाही. आणि हिएरॅटिकमध्येही निर्धारके होतीच, फक्त वळण बदलले. शिवाय ख्रिस्ती काळात हेच इजिप्शियन ग्रीक अक्षरे आणि डेमॉटिकमधली थोडी चिन्हे घेऊन कॉप्टिक लिहू लागले, तेव्हा कुणाचेच अडले नाही.

बोरूवाला
कॉप्टिकचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. कॉप्टिकमध्ये स्वर लिहितात! स्वर आले म्हणून निर्धारके सुटली. हिब्रू-अरबीतही दीर्घ स्वरांसाठी व्यंजनांचीच अक्षरे राबवावी लागली, नंतर खुणा आल्या. आधार सगळ्यांनाच लागला, इजिप्तने तो चित्रांतून घेतला.

लिपी मुद्दाम अवघड ठेवली, हेही पटत नाही. इजिप्तमधल्या अबायडोसच्या 'यू-जे' नावाच्या थडग्यात इ.स.पू. ३२०० च्या सुमाराच्या हाडा-हस्तिदंताच्या चिमुकल्या पट्ट्या मिळाल्या. त्यांना भोके आहेत, म्हणजे त्या मालाला बांधायच्या. सुरुवात अशी कोठारातली आहे. थोड्याच काळात नारमेर राजाचे नाव मासा आणि छिन्नी काढून लिहिले गेले, कारण त्या शब्दांचे उच्चार 'नार' आणि 'मेर'. चित्राचा ध्वनी झाला तो इथे. टॉलेमींच्या काळातला चिन्हांचा पसारा मला मान्य आहे, पण तेव्हा व्यवहार डेमॉटिक आणि ग्रीकमध्ये होत होता. त्या शेवटच्या काही शतकांवरून आधीच्या अडीच-तीन हजार वर्षांच्या लेखनिकांना आपमतलबी ठरवू नका.

सडेतोड
कोठाराचे पटले. पण कोठार राजाचेच होते, पट्ट्या वाचणारेही त्याचेच नोकर. माझा आक्षेप तिथपासूनच आहे.