प्रतिसाद: कांद्याचा राग निव्वळ राजकारण नव्हे

कांदा निर्यातबंदीविरुद्धचं शेतकऱ्यांचं आंदोलन म्हणजे निव्वळ विरोधकांचं राजकारण, असं म्हटलं जातं. मला नाही पटलं. केंद्र सरकारची निर्यातबंदीची अधिसूचना 7 डिसेंबर 2023 ला निघाली आणि दुसऱ्याच दिवशी लागू झाली. तेव्हा बाजारात असतो लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा तो कांदाचाळीत (साठवणुकीच्या शेडमध्ये) महिनोन्महिने टिकत नाही. थोडे दिवस राहिला की कोंब फुटतात, हाताला ओलसर लागतो. ट्रॉली भरून लासलगावच्या कांदा बाजारात आलेल्या माणसाने बंदीमुळे भाव पडला म्हणून माल परत न्यायचा कुठे? शहरात कांदा स्वस्त मिळावा, हा बंदीमागचा हेतू मलाही मान्य आहे. पण 31 मार्चपर्यंत म्हणून घातलेली बंदी उठली 4 मे 2024 ला, नाशिक-दिंडोरी या कांदा पट्ट्यातल्या लोकसभा मतदानाच्या सोळा दिवस आधी. मधल्या काळातल्या नुकसानीचा जाब शेतकऱ्याने विचारायचाच नाही का?