मदत हवी आहे: सरांच्या जुन्या फॉन्टमधल्या नोट्स क्लासरूमवर कशा चढवू?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या वरिष्ठ महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. जूनमध्ये बोलावून घेऊन मला 'आयसीटी समन्वयक' केलं. मानधन तेवढंच. काम एकच: नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी) समिती यायच्या आत सगळ्या प्राध्यापकांना गुगल क्लासरूम, म्हणजे नोट्स आणि गृहपाठ ऑनलाइन द्यायची सोय, वापरायला लावायचं.

पहिल्यांदा रीतसर कार्यशाळा घेतली. चाळीस जण, एक प्रोजेक्टर, दोन तास. जिओ-टॅग फोटो निघाले, चहा झाला, फीडबॅक सगळ्यांनी भरला. दुसऱ्या दिवसापासून परत खडू आणि व्हॉट्सॲप ग्रुप. त्यात त्यांचा दोष नाही, मीच बटणं दाखवत सुटले होते.

प्रश्न मराठीच्या विभागप्रमुखांचा आहे. बीएस्सीला भाषेचा पेपर मला त्यांनीच शिकवलाय. निवृत्तीला तीन वर्षं आहेत. कार्यशाळेत शेवटच्या रांगेत बसले, चकार शब्द नाही. आठवड्याभराने लॅब रिकामी झाल्यावर आले, दार लोटून घेतलं आणि पेनड्राइव्ह पुढे केला. "बघ गं, हे वर चढतंय का."

आत साडेतीनशे पानं. संतसाहित्यापासून साठोत्तरी कवितेपर्यंत, 1999 पासून स्वतः टंकलेली. माझ्या मशीनवर उघडली तर रोमन अक्षरं, डॉलर, टक्के आणि उलटसुलट स्वल्पविरामांचा सडा. सरांना वाटलं, फाइल गेली. चेहराच उतरला. मग सांगितलं की मजकूर शाबूत आहे, फक्त तुमच्या वेळच्या फॉन्टने इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले होते. तो फॉन्ट नसला की मुखवटा उतरतो.

एका कन्व्हर्टरमधून दहा पानं काढून पाहिली. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टंकायची, युनिकोडमध्ये (आता सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं बरोब्बर उलटं. त्यामुळे 'निर्मिती'सारख्या शब्दाचा पार चोथा होतो. 'दुसऱ्या'चं सगळीकडे 'दुसर्या' झालंय. सर तांबडं पेन घेऊन बसले आणि पहिल्याच पानावर एकतीस चुका काढल्या. मराठीच्या माणसाला 'चालतंय की, मुलांना कळेल' असं कुठल्या तोंडाने सांगू?

तर:
१) एवढा मजकूर धडपणे युनिकोडमध्ये कसा आणावा?
२) चारचौघांत विचारायला संकोच वाटणाऱ्या ज्येष्ठांना कसं शिकवता? मी त्यांची विद्यार्थिनी, त्यामुळे 'सर, इथे नाही, तिथे क्लिक करा' म्हणतानाही जीभ अडखळते.

प्रतिसाद १
पीडीएफ करून टाका, विषय संपला. ज्या मशीनवर फॉन्ट आहे तिथूनच करा आणि फॉन्ट आत एम्बेड होतोय ना ते बघा. मुलांच्या फोनवर नीट दिसेल.

धागाकर्ती
@१ दिसेल, पण शोधता येणार नाही आणि त्यातली ओळ उचलून प्रश्नात टाकायची तर परत तोच सडा. तूर्तास तोच मार्ग ठेवते.

प्रतिसाद २
मी एका प्रकाशकाकडे हेच काम करायचो. कन्व्हर्टर निवडताना फॉन्टचं नेमकं नाव बघा. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टमध्येही अक्षरांच्या जागा वेगळ्या असायच्या, त्यामुळे चुकीचा तक्ता लावला की असला चोथा होतो. नाहीतर पानांची प्रतिमा करा (जेपीजी), ड्राइव्हवर टाका आणि गुगल डॉक्समध्ये उघडा. छापील मराठी बऱ्यापैकी ओळखतं. थेट पीडीएफ देऊ नका, आतला जुना मजकूरच उचलला जाण्याची शक्यता असते. 'र्या' मात्र आंधळेपणाने बदलू नका, नाहीतर 'सूर्या'चा 'सूऱ्या' होईल.

प्रतिसाद ३
ताई, मी स्वतः छप्पन्न वर्षांची, इतिहास शिकवते, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर बोलते. साडेतीनशे पानांचं खूळ सोडा. सरांना विचारा, येत्या सोमवारच्या तासाला काय लागणार आहे? तेवढी दोनच पानं करा. माउस त्यांच्याच हातात राहू दे. आमच्याकडच्या मुलाने पंधरा मिनिटांत सगळं 'करून दिलं' आणि मला काही म्हणजे काही आलं नाही. आणि विभागातच बसा, लॅबमध्ये नको. विभागात खुर्ची त्यांची असते.
आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठीतूनही धडे आहेत. छोटे असतात, थांबवत थांबवत शेजारी करून बघायचे. घरी, कुणाच्या नजरेसमोर न येता. मी लिबरऑफिस तसंच शिकले.

प्रतिसाद २
@३ शी सहमत. आणि सर बोलायला पक्के असतील तर टंकायचं कशाला? डॉक्समध्ये मराठी व्हॉइस टायपिंग आहे.

धागाकर्ती (दहा दिवसांनी)
@३ ताई, तुमचं ऐकलं. त्यांच्या विभागात, त्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून बसले. दोन पानं सरांनी स्वतः चढवली. पासवर्ड कॅलेंडरच्या पानामागे लिहून ठेवलाय, त्यावर सध्या गप्प आहे. सोमवारी एका मुलीने त्या पानाखाली शंका लिहिली, 'सर, विराणी म्हणजे नेमकं काय?' सरांनी तिला फळ्यावर नाही, तिथेच उत्तर दिलं. सात ओळींचं, इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवरून एकेक अक्षर शोधत. पाऊण तास लागला.

व्हॉइस टायपिंगही करून पाहिलं. सर वर्गात बोलतात तसेच, डोळे मिटून, अस्खलित. शब्द छान उमटत होते. वाक्य संपल्यावर सर ठसक्यात म्हणाले, "पूर्णविराम." पडद्यावर उमटलं: पूर्णविराम. मग म्हणाले, "अगं, चिन्ह!" तर तेही उमटलं.

@२, मराठीतून बोलताना विरामचिन्हं घालायची काही युक्ती आहे का? सर वाट बघतायत.